एलसीडीच्या काचेवर रबिंग: मखमलीने पॉलिमरचा थर घासून रेणू एका दिशेला कसे लावायचे

एलसीडीच्या दोन काचांमध्ये लिक्विड क्रिस्टलचा जेमतेम काही मायक्रॉनचा थर असतो. त्यातल्या रेणूंनी कुठल्या दिशेला आडवं व्हायचं, हे काचेच्या पृष्ठभागावर ठरतं. नुसती काच हे ठरवू शकत नाही. तिच्यावर पन्नास ते शंभर नॅनोमीटर जाडीचा पॉलिमरचा थर द्यावा लागतो आणि तो मखमलीने एकाच दिशेने घासावा लागतो. त्यालाच रबिंग म्हणतात. कारखान्यात हे काम क्लीनरूममध्ये, मोठ्या रोलरवर होतं. पण त्यातलं बहुतेक कौशल्य ठाण्यातल्या किंवा नवी मुंबईतल्या कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत, एका टेबलावर शिकता येतं. पुढची पद्धत एमएस्सीच्या प्रोजेक्टला पुरेल अशी आहे. आधी पीव्हीए या पाण्यात विरघळणाऱ्या पॉलिमरवर हात बसवायचा आणि मग व्यवसायात वापरतात त्या पॉलिइमाइडकडे वळायचं.

घासल्याने नक्की काय होतं

अनेक ठिकाणी एवढंच सांगितलं जातं की घासल्याने बारीक चरे पडतात आणि रेणू त्यांत बसतात. चऱ्यांचा हिशेब बेरेमनने १९७२ साली मांडला. चऱ्यांना आडवं राहायचं तर लिक्विड क्रिस्टलला प्रत्येक उंचवट्यावर वाकावं लागतं आणि वाकायला ऊर्जा लागते, म्हणून चऱ्यांच्या बाजूने पडून राहणं स्वस्त पडतं. हा हिशेब बरोबर आहे, पण पॉलिमरच्या थरावर मुख्य काम चरे करत नाहीत. १९८७ साली गिअरी आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळे पॉलिमर घासून पाहिले आणि पृष्ठभागाजवळच्या साखळ्या ओढल्या जाऊन एका दिशेला लागणं हे खरं कारण आहे, असा निष्कर्ष काढला. १९९५ साली ‘नेचर’मध्ये टोनी, रसेल आणि सहकाऱ्यांनी अगदी निमुळत्या कोनातून क्ष-किरण टाकून दाखवलं की घासलेल्या पॉलिइमाइडच्या वरच्या काही नॅनोमीटरमध्येच साखळ्या वळतात, खालचा थर जसाच्या तसा राहतो. शिवाय हे पॉलिमर मऊ होण्याच्या तापमानाच्या कितीतरी खाली घडतं.

सगळ्यात पटणारा पुरावा पॉलिस्टायरिनचा आहे. ते घासलं तर लिक्विड क्रिस्टल घासण्याच्या दिशेला काटकोनात लागतं. साखळी घासण्याच्या दिशेला ओढली जाते, पण तिच्या बाजूला लटकलेली फिनाइल वलयं आडवी राहतात आणि रेणू त्यांच्या मागे जातात. चरेच सगळं ठरवत असते, तर असं झालंच नसतं.

टेबलावर काम करताना यातून दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. आपली सगळी मेहनत थराच्या वरच्या काही नॅनोमीटरमध्ये साठलेली असते, त्यामुळे घासल्यानंतर त्या पृष्ठभागाला बोट, टिश्यू, पाण्याचा थेंब, जास्त उष्णता यांपैकी काहीही लागलं तर मेहनत वाया जाते. आणि साखळी ओढली जाईल पण थर फाटणार नाही, एवढाच जोर हवा. हा जोर अंदाजाने द्यायची गरज नाही, तो मोजता येतो.

सामान

सुरुवातीला साध्या मायक्रोस्कोप स्लाइड घ्या. नुसती दिशा लागते का ते पाहायला विजेची गरज नसते, आणि आयटीओ काच (एका बाजूला वीजवाहक पारदर्शक थर असलेली) महाग असते. हात बसला की २५ × २५ मिमीच्या, १.१ मिमी जाड आयटीओ काचा आणा.

पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, म्हणजे पीव्हीए, पूर्ण हायड्रोलाइज्ड (९८–९९ टक्के) ग्रेडचं मागा. लिक्विड क्रिस्टलमध्ये ५सीबी किंवा ई७ असे दोन पर्याय आहेत. ५सीबी एकच संयुग आहे आणि त्याचे गुणधर्म सगळीकडे मोजलेले आहेत, पण ते साधारण २३ ते ३५ अंशांमध्येच नेमॅटिक असतं, म्हणजे द्रवासारखं वाहतं तरी रेणू एका दिशेला लागलेले असतात. एप्रिल-मेमध्ये ठाण्यात एसी नसलेल्या खोलीत तापमान ३५ अंशांच्या आसपास जातं. तेव्हा ५सीबीची सेल (दोन काचांमध्ये लिक्विड क्रिस्टल भरलेली जोडी) डोळ्यांदेखत साधा द्रव होऊन बसते आणि माणूस रबिंगला दोष देत राहतो. एसी २० वर ठेवला, तर काही तासांनी तेच ५सीबी गोठायला लागतं. ई७ हे मिश्रण ५८ अंशांच्या आसपासपर्यंत नेमॅटिक राहतं. उन्हाळ्यात काम करायचं असेल तर आमचा कौल ई७ ला.

मखमल जांभळी नाक्याच्या किंवा उल्हासनगरच्या कापड दुकानात मिळते, पण निवडून घ्या. सुती किंवा रेयॉनची हवी, पॉलिएस्टरची नको. कडेचे दोन-चार धागे काढून पेटवा. सुती आणि रेयॉन कागदासारखे जळतात आणि मऊ राख उरते. पॉलिएस्टर वितळतं आणि त्याचा कडक काळा मणी होतो. रंग पांढरा घ्या. घरी आणल्यावर साध्या डिटर्जंटने धुवा आणि भरपूर डिस्टिल्ड पाण्याने खळबळून वाळवा. फॅब्रिक कंडिशनर अजिबात वापरू नका. त्यातले धनभारित सरफॅक्टंट काचेवर उतरतात आणि रेणूंना आडवं पाडण्याऐवजी उभं करतात.

६ मायक्रॉनची मायलर फिल्म स्पेसर म्हणून, म्हणजे दोन काचांमधलं अंतर राखायला लागेल. पोलरायझर विकत घेता येतात, पण भंगारातल्या मॉनिटरच्या पॅनेलवरून सोलूनही काढता येतात. पॅनेल हलकं गरम करून कोपऱ्यातून सावकाश ओढा. पुढच्या बाजूच्या पोलरायझरवर बऱ्याचदा चमक कमी करणारा खरबरीत थर असतो, म्हणून मागच्या बाजूचा चांगला.

काच

आयटीओ काचेची कुठली बाजू वाहक आहे ते मल्टिमीटरने आधीच पाहा आणि मागच्या बाजूला डायमंड स्क्राइबरने कोपऱ्यात बाण कोरा. मार्करची शाई अ‍ॅसिटोनमध्ये जाते. उलट्या बाजूवर थर देणं ही नवख्यांची सगळ्यात नेहमीची चूक आहे आणि ती शेवटी, विद्युतदाब दिल्यावरच कळते.

धुण्याचा क्रम असा ठेवा: प्रयोगशाळेचा डिटर्जंट, मग डीआयोनाइज्ड पाणी, अ‍ॅसिटोन, आयसोप्रोपाइल अल्कोहोल. प्रत्येकात अल्ट्रासॉनिक बाथमध्ये १० मिनिटं. मग ११० अंशांवर अर्धा तास वाळवा. यूव्ही-ओझोन क्लीनर असेल तर १० मिनिटं ठेवा. काच स्वच्छ झाली का याची खूण म्हणजे पाणी थेंब न होता सपाट पसरतं. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी शेवटच्या धुण्याला नको. त्यातले आयन काचेवर राहतात आणि पुढे डिस्प्ले थरथरतो.

पीव्हीएचा थर

१०० मिली डीआयोनाइज्ड पाण्यात १ ग्रॅम पीव्हीए. पावडर थंड पाण्यातच, ढवळत ढवळत भुरभुरवा आणि नंतर तापमान ८५–९० अंशांवर नेऊन तासभर ढवळा. थेट गरम पाण्यात टाकली तर बाहेरून चिकट आणि आतून कोरड्या गुठळ्या होतात आणि त्या शेवटपर्यंत विरघळत नाहीत. थंड झाल्यावर सिरिंज फिल्टरमधून (०.४५ मायक्रॉन) गाळा.

स्पिन कोटरवर (काच गरगर फिरवून द्रावण पातळ पसरवणारं यंत्र) ३००० आरपीएम, ३० सेकंद. द्रावण काच फिरायच्या आधी टाकायचं, पूर्ण झाकेल इतकं. मग ११० अंशांवर तासभर. थरात शेपटीसारख्या रेघा दिसल्या तर तिथे धूळ बसलेली असते. नवी मुंबईत बांधकामाची धूळ कुठल्याही खिडकीतून येते, त्यामुळे स्पिन कोटर खिडकीपासून लांब ठेवा आणि काम सुरू करायच्या तासभर आधी फरशी ओल्या फडक्याने पुसून घ्या. झाडू मारू नका.

घासणं

आधी हाताने. लाकडाचा किंवा अ‍ॅक्रिलिकचा सपाट ठोकळा घ्या, घासण्याच्या दिशेला ४० मिमी लांब आणि २५ मिमी रुंद. त्याच्या तळाला दुहेरी चिकटपट्टीने मखमल ताणून लावा. मखमलीची लव एका बाजूला झुकलेली असते. बोट फिरवलं की एका दिशेला गुळगुळीत आणि उलट दिशेला खरखरीत लागते. ठोकळा गुळगुळीत बाजूने चालेल असा लावा आणि वर बाण काढून ठेवा, म्हणजे दर वेळी तीच दिशा राहील. ठोकळ्यावर वजन चिकटवून एकूण २०० ग्रॅम करा. क्षेत्रफळ १० चौरस सेंटिमीटर आहे, म्हणजे दाब साधारण २ किलोपास्कल. हाताने दाबायचं नाही. हाताचं काम फक्त ओढणं, दाब वजनाचा.

काच टेबलावर दुहेरी पट्टीने बसवा. तिच्या पुढे-मागे आणि बाजूला तितक्याच जाडीच्या फालतू काचा लावा, म्हणजे ठोकळा कडेवर अडखळणार नाही. कड लागली की लव तुटते आणि तुटलेले तंतू पुढच्या प्रत्येक ओढीत थरावर ओरखडे पाडतात. एका बाजूला अ‍ॅल्युमिनियमची पट्टी टेकवून ठेवा, ठोकळा तिला लागून सरळ जाईल. सेकंदाला १० सेंटिमीटरच्या आसपास वेगाने ओढा, शेवटी उचला, मागे आणा, पुन्हा ठेवा. अशा २५ ओढी.

मागे-पुढे घासलं तर काय? रेणू त्याच रेषेत लागतील, पण प्रीटिल्ट जाईल. प्रीटिल्ट म्हणजे रेणूचं एक टोक काचेपासून किंचित वर उचललेलं असणं. एकाच दिशेने घासलेल्या पृष्ठभागावर हे टोक नेहमी एकाच बाजूला उचललं जातं. पीव्हीएवर हा कोन १ अंशाच्याही खाली असतो, नेहमीच्या पॉलिइमाइडवर १ ते ५ अंश. एवढासा कोन असला तरी विद्युतदाब दिल्यावर सगळे रेणू एकाच बाजूने उठणार की काही इकडून, काही तिकडून, हे त्यावरच ठरतं.

आता मोजणीबद्दल. काचेवरच्या एका बिंदूवरून एकूण किती लांबीचं कापड गेलं, ही रबिंगची सर्वात उपयोगी संख्या. हाताच्या पद्धतीत ती ओढींची संख्या गुणिले ठोकळ्याची लांबी, म्हणजे २५ × ४० = १००० मिमी. मखमल गुंडाळलेला फिरता रोलर आणि त्याच्याखाली काच सरकवणारी स्टेज असेल तर तिचं सूत्र असं:

कापडाची लांबी = फेऱ्या × स्पर्शाची लांबी × (रोलरच्या कडेचा वेग ÷ स्टेजचा वेग − १)

स्पर्शाच्या जागी कापड आणि काच एकाच दिशेने सरकत असतील तर वजा एक, उलट दिशांनी सरकत असतील तर अधिक एक. रोलर फिरवलाच नाही तर उरतं ते फेऱ्या गुणिले स्पर्शाची लांबी, म्हणजे हाताचाच हिशेब.

उदाहरण घेऊ. रोलरचा व्यास ५० मिमी, १००० आरपीएम, म्हणजे कडेचा वेग सेकंदाला सुमारे २६२० मिमी. स्टेज सेकंदाला २० मिमी. भागाकार १३१. लव काचेवर ०.३ मिमी दाबली जात असेल तर स्पर्शाची लांबी दोन गुणिले (२ × २५ × ०.३) चं वर्गमूळ, म्हणजे ७.७ मिमी. एका फेरीत ७.७ × १३० = सुमारे १००० मिमी. हाताच्या २५ ओढींइतकीच लांबी एका फेरीत मिळते. दाब आणि कापड सारखं नसल्यामुळे परिणाम हुबेहूब सारखा येणार नाही, पण कुठून सुरू करायचं ते कळतं. मग ५००, १०००, २००० मिमी अशा तीन काचा करून बघा. दिशा धरून ठेवण्याची ताकद आधी वाढते, मग थांबते. ती जिथे थांबते त्याच्या थोडं अलीकडे राहा. पुढे गेलात तर थर फाटू लागतो.

लव किती दाबली जाते हे ठरवताना स्टेज हळूहळू वर आणा आणि लव जेमतेम टेकते तिथे शून्य धरा. रोलर हाताने पूर्ण फिरवून बघा. एका जागी टेकते आणि दुसऱ्या जागी सुटते, तर रोलर केंद्रापासून ढळलेला आहे. ०.३ मिमीच्या दाबणीत ०.१ मिमीचा ढळही खूप होतो.

घासल्यावर कोरड्या नायट्रोजनने किंवा हातपंपाने धूळ उडवा. तोंडाने फुंकू नका. कॉम्प्रेसरची हवा तेल-फिल्टर नसेल तर वापरू नका. पीव्हीएला घासल्यानंतर पाणी लावायचं नाही आणि शक्यतो ७० अंशांच्या वर न्यायचं नाही, साखळ्या सैल होतात. घासलेल्या काचा काचेच्या झाकलेल्या पेट्री डिशमध्ये ठेवा आणि त्याच दिवशी जोडा.

जोडणी

इथे दिशा चुकते. म्हणून हे काम दोन पुठ्ठ्यांवर बाण काढून आधी हातात घेऊन बघा. दोन्ही काचा घासलेली बाजू वर, बाण आपल्यापासून लांब, अशा ठेवा. आता वरची काच उलटायची आहे. पुस्तकाचं पान उलटतो तशी डावी-उजवी उलटली तर बाण तसाच लांब जाणारा राहतो, म्हणजे दोन्ही दिशा समांतर. भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटतो तशी वर-खाली उलटली तर बाण आपल्याकडे येतो, म्हणजे प्रतिसमांतर. पहिली सेल नेहमी प्रतिसमांतर करा. तिच्यात दोन्ही काचांवरचे प्रीटिल्ट जुळतात, थरात कुठे वाक राहत नाही आणि रबिंग बरं आहे की वाईट याचा स्वच्छ निकाल मिळतो.

ट्विस्टेड नेमॅटिक, म्हणजे खालच्या काचेपासून वरच्या काचेपर्यंत रेणूंची दिशा ९० अंशांनी पिळत जाते अशी सेल करायची तर वरची काच ९० अंशांनी फिरवायची. वरून पाहताना वरच्या काचेचा बाण खालच्या बाणापासून घड्याळाच्या उलट दिशेने ९० अंशांवर असेल तर पीळ डावा बनतो, घड्याळाच्या दिशेने असेल तर उजवा. पिळाला पक्की बाजू मिळावी म्हणून चिमूटभर कायरल पदार्थ, म्हणजे रेणूंना ठरावीक बाजूने पिळणारा पदार्थ, मिसळतात. डाव्या पिळासाठी एस८११ सुमारे ०.१ टक्का, उजव्यासाठी आर८११ तितकाच. रबिंगचा पीळ आणि कायरल पदार्थाचा पीळ एकमेकांविरुद्ध असतील, तर न मिसळलेल्या सेलपेक्षाही वाईट चित्र दिसतं.

दोन कडांना ६ मायक्रॉन मायलरच्या अरुंद पट्ट्या ठेवा, काचा थोड्या सरकवून वीजजोडणीसाठी कड मोकळी सोडा, क्लिपा लावा. मग प्रयोगशाळेतला सोडियम दिवा लावून रिकाम्या सेलकडे तिरकं बघा. पिवळे-काळे पट्टे दिसतील. एक पट्टा म्हणजे जाडीत ०.३ मायक्रॉनचा फरक. क्लिपा मागे-पुढे करून पूर्ण सेलमध्ये दोन-तीन पट्टेच उरतील असं बघा आणि मगच दोन बाजूंना अ‍ॅराल्डाइट लावा. ते रात्रभर पक्कं होऊ द्या. ओलं इपॉक्सी लिक्विड क्रिस्टलमध्ये विरघळतं आणि कडेपासून दिशा बिघडवत आत येतं.

६ मायक्रॉनच का? पिळाच्या सेलमध्ये समांतर पोलरायझरखाली पूर्ण काळोख हवा असेल, तर जाडी आणि द्विअपवर्तन (रेणूंच्या लांबीच्या आणि आडव्या दिशेच्या अपवर्तनांकांतला फरक) यांचा गुणाकार ठरावीक किमतींना बसावा लागतो. हिरव्या ५५० नॅनोमीटरसाठी पहिली किंमत ०.४८ आणि दुसरी १.०७ मायक्रॉन. ५सीबीचं द्विअपवर्तन २५ अंशांना सुमारे ०.१८, म्हणून दुसऱ्या किमतीला ५.९ मायक्रॉन लागतात. ई७ साठी तेच गणित ४.७ मायक्रॉन देतं, म्हणजे ५ मायक्रॉनचा स्पेसर जवळचा.

भरताना सेल हॉट प्लेटवर ठेवा, ५सीबीला ४५ अंश, ई७ ला ७०. या तापमानाला लिक्विड क्रिस्टल साधा द्रव असतं. उघड्या कडेला थेंब लावला की केशाकर्षणाने आत जातं. २० × १५ मिमीच्या सेलला दोन मायक्रोलिटरही लागत नाही. थंड भरलं तर वाहण्याच्या दिशेला रेणू लागतात आणि तो ठसा नंतर रबिंगच्या दिशेशी भांडत राहतो. भरल्यावर मिनिटाला एखाद-दुसरा अंश या गतीने थंड करा. (पीव्हीए आणि ई७ ही जोडी असेल तर ७० अंशांवर भरण्यापुरतंच ठेवा, विसरून जेवायला जाऊ नका.)

बघणं, आणि काय बिघडलं ते ओळखणं

दोन पोलरायझर काटकोनात ठेवून मधे प्रतिसमांतर सेल फिरवा. बाण एखाद्या पोलरायझरच्या रेषेत आला की सेल काळी, ४५ अंशांवर लख्ख, पूर्ण फेरीत चार वेळा काळी आणि चार वेळा उजळ. काळोख जितका गडद, तितकं रबिंग चांगलं. पिळाची सेल मात्र काटकोनातल्या पोलरायझरमध्ये उजळ दिसते आणि १ किलोहर्ट्झचा ५ व्होल्ट चौकोनी एसी दिला की काळी होते. डीसी देऊ नका, आयन एका काचेवर जाऊन बसतात आणि चित्राची सावली मागे राहते.

कुठल्याही कोनात काळीच राहिली, तर रेणू उभे आहेत. साबण नीट गेलेला नाही किंवा मखमलीला कंडिशनर लागलाय. (आधी तापमान तपासा. ५सीबी द्रव झालं असेल तरी असंच दिसतं.)

काळी कधीच होत नाही, आत धागे आणि काळ्या झाडूंसारखे फराटे दिसतात, तर दिशाच लागलेली नाही. जोडताना थराची बाजू बाहेर राहिली आहे, थर नीट भाजलेला नाही किंवा कापड टेकलंच नाही. क्रम लावून तपासा. घासलेल्या सुट्या काचेवर एक थेंब ठेवून वर दुसरी घासलेली काच टाकली, तरी दोन मिनिटांत कळतं की दोष रबिंगचा आहे की जोडणीचा.

दिशा आहे, पण काळोखात बाणाच्या रेषेत बारीक उजळ रेघा आहेत, तर कापडात कण अडकलाय किंवा लव तुटलीय. मखमल बदला. रेघा बाणाला आडव्या, समान अंतरावर असतील तर दोष रोलरचा. अंतर मोजा. वरच्या उदाहरणात रोलर सेकंदाला १६.७ फेरे घेतो आणि तेवढ्यात स्टेज २० मिमी सरकते, म्हणजे एका फेऱ्याला १.२ मिमी. आडवे पट्टे बरोबर १.२ मिमीवर आले तर रोलर ढळलेला आहे किंवा कापडाचा जोड टेकतोय. दुसऱ्या कुठल्या अंतरावर आले तर स्टेजचा स्क्रू बघा.

पिळाच्या सेलमध्ये तुकडे-तुकडे आणि त्यांच्यामध्ये नागमोडी रेषा दिसत असतील, तर काही भागात पीळ डावा आणि काही भागात उजवा झालाय. पीव्हीएवर प्रीटिल्ट कमी असल्याने हे हमखास होतं. उपाय कायरल पदार्थाचा. विद्युतदाब दिल्यावरच रेषा उगवतात आणि सावकाश सरकत नाहीशा होतात, तर रेणू दोन बाजूंनी उठतायत. त्यावर खरा उपाय जास्त प्रीटिल्टचा पॉलिइमाइड.

घासताना पांढरी भुकटी दिसली, तर थर सुटतोय. जोर कमी करा आणि काच पुन्हा स्वच्छ धुऊन नवा थर द्या. भुकटी झटकून तीच काच पुढे वापरण्यात अर्थ नाही.

पॉलिइमाइडकडे जाताना

पीव्हीए ओलावा धरतं, त्यात आयन राहतात आणि टिकाऊ डिस्प्लेला ते चालत नाही. म्हणून व्यवसायात पॉलिइमाइड वापरतात. ते पॉलिअ‍ॅमिक आम्लाच्या रूपात, बहुधा एनएमपी या द्रावकात येतं. काचेवर पसरून तापवलं की पाणी सोडून त्याचं पॉलिइमाइड बनतं. पुरवठादाराचा तक्ता हाच शेवटचा शब्द, पण सुरुवातीला ३००० आरपीएमवर ३० सेकंद, ८० अंशांवर ५ मिनिटं, मग २०० ते २३० अंशांवर एक तास. पहिल्या पायरीनंतर काच लगेच मोठ्या ओव्हनमध्ये न्या. मध्ये वेळ गेला तर थर हवेतला ओलावा ओढतो. भाजणं अर्धवट राहिलं तर थर मऊ राहतो आणि रबिंगमध्ये फाटतो, म्हणून मध्येच वीज गेली तर ती काच चाचणीसाठी बाजूला काढा.

आपल्याकडचा खरा शत्रू पावसाळा. जून ते सप्टेंबर खाडीच्या दोन्ही काठांवर हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर सहज असते. एनएमपी पाणी पितं आणि पाणी शिरलं की पॉलिमर द्रावणातून बाहेर पडून थर दुधाळ होतो. एसी किंवा डीह्युमिडिफायर लावून खोली ५० टक्क्यांखाली आणा, स्पिन कोटरच्या भांड्यात कोरडा नायट्रोजन सोडा, आणि पसरणं ते ८० अंश यातला वेळ मिनिटाच्या आत ठेवा. बाटली डीप फ्रीझरमध्ये ठेवलेली असते. बाहेर काढल्यावर ती बंदच, चार-पाच तास खोलीच्या तापमानाला येऊ द्या. थंड बाटली उघडली की झाकणाखाली दव जमतं आणि अख्खी बाटली खराब होते. दर वेळी लागेल तेवढंच निघावं म्हणून आल्या आल्या ५ मिलीच्या छोट्या कुप्यांत भरून ठेवा.

एनएमपी त्वचेतून शरीरात जातं आणि गर्भाला घातक आहे. गरोदर विद्यार्थिनींनी या कामापासून दूर राहावं. नेहमीचे निळे नायट्राइल हातमोजे त्याला फार वेळ अडवत नाहीत. ब्यूटाइलचे वापरा, किंवा थेंब पडताक्षणी नायट्राइलची जोडी बदला. पसरणं आणि भाजणं दोन्ही फ्यूम हूडखाली.

कोरड्या एसी खोलीत घासताना स्थिर वीज साठते आणि काच स्वतःच धूळ ओढते. स्टेज अर्थ करा, आयनायझर असेल तर लावा, नसेल तर घासताना आर्द्रता ४०–५० टक्क्यांवर येऊ द्या. पॉलिइमाइड घासल्यानंतर आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये क्षणभर बुडवून वाळवता येतं. भुकटी आणि भार दोन्ही जातात, पण प्रीटिल्ट थोडा बदलू शकतो. त्यामुळे बुडवायचं तर सगळ्याच काचा बुडवा. काही बुडवलेल्या, काही नाही, असं करून त्यांची तुलना करू नका.

प्रत्येक काचेच्या पाकिटावर कापडाची लांबी, दाबणी किंवा वजन, भाजण्याचं तापमान, त्या दिवशीची आर्द्रता आणि मखमलीचा तुकडा कितव्यांदा वापरला ते लिहा. मखमलीची लव हळूहळू बसते आणि त्याच आकड्यांवर रबिंग हलकं पडत जातं. काळोख फिका पडू लागला की आधी हाच रकाना बघा आणि नवा तुकडा लावा. नवा तुकडा लावल्यावर पहिल्या दहा-बारा ओढी फालतू काचेवर मारून सुटे तंतू काढून टाका.